माग

आमच्या धाकट्या भावाला गावात दोन नावं आहेत. म्हातारी माणसं त्याला 'कुत्र्याचा फौजदार' म्हणतात आणि हल्लीची पोरं 'कुत्र्याचा वकील'. फौजदार तो कधीच झाला नाही, हवालदार म्हणूनच त्यानं नोकरी सोडली. वकील मात्र खरा आहे. सनद आहे, काळा कोट आहे, तालुक्याच्या कोर्टाबाहेर चिंचेखाली एक टेबल आणि दोन खुर्च्या आहेत. एका खुर्चीचा पाय मोडलाय, तिच्यावर तो स्वतः बसतो.

मी 1977 साली दहावी झालो आणि औताला लागलो. धाकटा बारावीपर्यंत गेला, 1985 साली पोलिसात भरती झाला. चार वर्षं यात्रा-मोर्चांच्या बंदोबस्तात उभा राहिला. मग एक दिवस साहेबांनी रांगेत विचारलं, श्वान पथकात कोण जाणार? बाकीची पोरं खाली बघाय लागली. कुत्री सांभाळायची म्हणजे कमीपणा, असं तेव्हा वाटायचं. ह्यानं हात वर केला. घरी येऊन सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "आरं, गावातली कुत्री कमी पडली व्हय तुला, म्हणून सरकारची वळाय निघालास?"

पुण्यात शिवाजीनगरला सीआयडीचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. तिथं हा आणि डॉबरमन जातीची एक पिल्ली, दोघं बरोबरच शिकायला लागले. सुट्टीवर आला की रात्री अंगणात बसून सांगायचा आणि आम्ही ऐकायचो. मला वाटायचं, कुत्र्याला वास घ्यायला शिकवत असतील. तो म्हणाला, "वास त्याला आईच्या पोटातनंच येतोय. आपण शिकवायचं एवढंच, की हजार वासांतला मी दाखवीन तेवढाच धर, बाकीचे सोड, आणि घावला की मला कळंल असं कायतरी कर." कुणी घावल्यावर भुंकतं. बाँब हुडकणारं कुत्रं मात्र भुंकत नाही, पंजाही मारत नाही, गप खाली बसतं. त्यानं पंजा मारला तर काय होईल हे सांगायला नको. आणि एवढ्या कामाचं बक्षीस काय, तर रबराचा चेंडू आणि पाठीवर थाप. एका कुत्र्याला दोन माणसं ठरलेली असतात, त्यांच्याच हातचं खायचं. त्या माणसाला हस्तक म्हणतात. धाकटा म्हणायचा, कुत्री सहा महिन्यांत शिकली, मला मात्र दोन वर्षं लागली.

मुंबई पोलिसांनी 1959 साली श्वान पथक काढलं तेही डॉबरमन घेऊनच. पण नाव झालं ते झंजीरचं. तो लॅब्राडोर. 1993 च्या मुंबईच्या बाँबस्फोटांनंतर त्यानं तीन हजार किलोच्या वर आरडीएक्स हुडकून दिलं. 2000 साली तो हाडाच्या कॅन्सरनं गेला, तेव्हा साहेब लोकांनी त्याच्यावर फुलं वाहिली. तो फोटो आमच्या धाकट्याच्या घरी देवाच्या फोटोशेजारी आहे. वहिनी दोघांनाही उदबत्ती ओवाळते.

आता इथं एक फरक आहे, तो मला कळायला बरीच वर्षं लागली. झंजीरनं आरडीएक्स दाखवलं की आरडीएक्स हाताला लागतं. गांजाच्या पोत्यापाशी कुत्रं बसलं की पोतं फोडायचं, माल तपासणीला पाठवायचा. पुढं कोर्टात कुत्र्याला कोण विचारत नाही, गांजाच बोलतो. पण कुत्रं माणसाच्या दारात जाऊन बसलं, तर? तिथं फोडून बघायला पोतं नसतं.

आमचा आजा सांगायचा, पूर्वी गावाचा राखणदार रामोशी चोराचा माग काढायचा. मातीतल्या पावलांवरनं शिवेपर्यंत जायचं आणि शिवेवर पुढच्या गावच्या राखणदाराच्या हवाली माग करायचा. ज्या गावात माग विरला त्या गावानं भरपाई द्यायची. पण त्या माणसाला विचारता यायचं, की बाबा, तू हे कशावरनं म्हणतोस? तो उकिडवा बसून बोटानं दाखवायचा. बघा, टाच खोल गेलीय, म्हणजे डोईवर ओझं हुतं. हितं थांबून मागं बघितलंय. कुत्र्याला असं विचारता येत नाही. त्याच्या वतीनं दोरी धरणारा बोलतो.

1996 च्या चैत्रात, यात्रा बारा दिवसांवर असताना, आमच्या देवीचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला. सकाळी गुरव गेला तर कुलूप तुटलेलं. तासाभरात सगळं गाव देवळात. बायका रडत होत्या, कुणी अंगात आणत होतं. जिल्ह्याचं श्वान पथक आलं तेव्हा साडेदहा वाजून गेले होते, ऊन चढलं होतं, आणि देवळाच्या फरशीवर पाचशे माणसांची पावलं उमटून गेली होती. धाकटा तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात होता. आलेला हस्तक वेगळा, कुत्री वेगळी.

मी दहावी झालेला आणि सही करता येणारा, म्हणून पंच म्हणून उभा केला होता. गाभाऱ्यात समईच्या बुडाशी एक तेलकट फडकं होतं. जमादारानं ते काठीनं उचललं, दारात आणून ठेवलं. "हे कुणाचं?" कुणीच बोललं नाही. "मग चोराचंच." पंचनाम्यात त्यांनी लिहिलं, 'देवळाच्या आवारात एक तेलकट फडके मिळून आले'. मी म्हटलं, समईजवळ होतं असं लिहा की. ते म्हणाले, "समई काय आवाराच्या भाईर हाय का?"

कुत्रीला फडक्याचा वास दिला. तिनं नाक खाली घातलं, दोन गिरक्या घेतल्या आणि निघाली. देवळाच्या मागनं, ओढ्यातनं, चिलारीच्या काट्यांतनं, आमच्या मळ्याच्या बांधावरनं थेट पलीकडच्या खोपटापुढं जाऊन बसली. मागनं सगळं गाव. खोपटातला माणूस भाकरी खात होता. त्याच्या लहान पोरीनं कुत्री बघितली आणि हातातला तुकडा पुढं केला. हस्तक म्हणाला, "नको पोरी, ती खात नाही दुसऱ्याच्या हातचं."

पुढचं लिहायला नको वाटतं. लोकांनी त्याला दावणीचं जनावर ओढावं तसा बाहेर ओढला. चुलीवरचं कालवण कुणी लाथेनं उडवलं. पोलीस होते म्हणून तो जिवंत राहिला, आणि पोलीस होते म्हणूनच कोठडीतही गेला. घराची झडती झाली, खोपटाची जमीन उकरली. मुखवटा काही सापडला नाही. तरी गावाचा निकाल लागला होता. "माणूस खोटं बोलंल, कुत्रं कशाला बोलंल?" हे वाक्य मी त्या दिवशी पन्नास तोंडांनी ऐकलं.

दीड महिन्यानं त्याला जामीन मिळाला. आमच्या दादांनी सातबारा लावून जामीन दिला. दादा जास्त बोलणारे नव्हते. भावकी जाब विचारायला आली तेव्हा एवढंच म्हणाले, "चार वर्सं माझ्या मळ्यात राबलाय त्यो. खुरपंसुदिक न्हाई हललं."

त्या उन्हाळ्यात धाकटा सुट्टीवर आला. आम्ही सगळी हकिकत सांगितली. तो पाटावर बसून ताक पीत होता. त्यानं एकच विचारलं, "वास कशाचा दिला?"

फडक्याचा, म्हटलं.

"कुणाचं फडकं?"

आई म्हणाली, "त्याचंच की. गुरवाला आता वाकता येत न्हाई, समया त्योच घासतोय मंगळवारचा."

धाकट्यानं तांब्या खाली ठेवला. "मग कुत्रीचं कुठं चुकलं? फडक्याचा धनी दाखव म्हणलं, तिनं दाखवला. चोर दाखव असं तिला कुणी म्हणलंच न्हाई."

देवीला रोज जाणाऱ्या माणसांना समई उजळ दिसते, ती कोण घासतं ते दिसत नाही. आईला माहीत होतं, कारण मंगळवारी तो घासायची राख आमच्याच चुलीतनं न्यायचा.

खटला तीन वर्षं चालला. कलम 457 आणि 380. माझी साक्ष निघाली त्याच्या आदल्या रात्री गावातले चौघे जाणते घरी आले. चहा घेतला, पावसापाण्याचं बोलले आणि उठताना म्हणाले, "कुठं ते सांगत बसू नगंस. आवारात हुतं, एवढंच म्हण. लिवलंय तसंच." मी मान हलवली नाही, काही बोललोही नाही.

दुसऱ्या दिवशी सरकारी वकिलांनी विचारलं, फडकं कुठं होतं? मी सांगितलं, गाभाऱ्यात, समईच्या बुडाशी, तेलानं माखलेलं. ते म्हणाले, पंचनाम्यात आवारात आहे. मी म्हटलं, साहेब, मी बघितलं ते सांगतोय. मग त्यांनी कोर्टाची परवानगी मागितली आणि मला फितूर ठरवून उलट प्रश्न विचारले. आरोपीला जामीन कोण आहे? माझे वडील. तो तुमच्याकडं कामाला होता? होता. बास. खाली बसले. फितूर हा शब्द आमच्या शाळेच्या पुस्तकात किल्ल्याचा दरवाजा आतनं उघडणाऱ्यासाठी होता. तो मला तालुक्याच्या कोर्टात, माझ्याच गावच्या वीस माणसांसमोर लागला.

1999 साली तो निर्दोष सुटला. कोर्टानं लिहिलं, की कुत्री दारात गेली ह्यापलीकडं आरोपीविरुद्ध काहीच नाही आणि तेवढ्यावर शिक्षा देता येत नाही. गावानं मात्र त्याचा अर्थ 'पुरावा कमी पडला' असा लावला. वर्गणी काढून नवा मुखवटा केला. माझी वर्गणी घेतली, पण यात्रेच्या बैठकीला दोन वर्षं बोलावलं नाही, आणि सामाईक विहिरीवरची माझी दिवसाची पाळी हळूच रात्रीची झाली. तो इचलकरंजीला यंत्रमागावर गेला तो गेलाच. यात्रेला त्याची बायको येते, ओटी भरते, आमच्या घरी चहा घेते. तो येत नाही.

ह्या प्रकरणानं धाकटा आतनं हलला होता. मला म्हणाला, "तात्या, मी आजवर किती दारात कुत्री नेऊन बसवली आसंल? वास कशाचा, ते धडकं कुणी इचारलंच न्हाई मला." मग त्यानं आरोपीच्या वकिलाकडनं जुने निकाल मागून आणले. इंग्रजी होते. मुलाच्या मास्तरांकडून समजून घेतले. 1969 साली महाराष्ट्रातनंच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ह्या प्रश्नाची चर्चा केली आहे. कुत्र्याच्या पुराव्यावर तीन आक्षेप घेतले जातात. कुत्रं पिंजऱ्यात उभं राहून शपथेवर साक्ष देऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही, मग हस्तक सांगतो ती ऐकीव गोष्ट ठरते. दुसरं, माणसाचा जीव आणि सुटका कुत्र्याच्या अनुमानावर टांगू नये. आणि तिसरं, कुत्रं धावत जाऊन दारात बसतं हा देखावाच असा असतो, की बघणाऱ्यावर त्याचा नको तेवढा पगडा बसतो. त्या खटल्यात कोर्टानं कायमचा नियम घातला नाही, बाकीच्या पुराव्यावर निकाल दिला. पण एक गोष्ट सांगितली. रसायनाच्या तपासणीसारखी ही तपासणी नव्हे. रसायनाला मन नसतं. कुत्रं हुशार जनावर आहे, विचार करतं, आणि जिथं विचार आहे तिथं चूक आणि फसगतही आहे. पुढं 2001 साली आंध्रातल्या एका खटल्यात कोर्टानं आणखी स्पष्ट केलं, की तपासाला कुत्र्याची मदत जरूर घ्या, पण त्याच्या नाकावर गुन्हा शाबीत होत नाही.

तिसरा आक्षेप ऐकला आणि मला त्या दिवशीचं ओढ्यातनं धावणारं गाव आठवलं. दिल्लीत बसलेल्या माणसांना आमचा ओढा कसा दिसला असेल?

धाकट्यानं मग एक जाडी वही घातली. सरकारी नोंदी असायच्याच, ही त्याची वेगळी. कोणत्या वेळी पोचलो, वारा कुठनं होता, दव होतं का ऊन, आधी किती माणसं फिरून गेली, वास कोणत्या वस्तूचा, ती कुठं होती, कुणी हाताळली. आणि कुत्री कुठं चुकली तेही. माणसाच्या अंगावरनं कातडीचा बारीक कोंडा सारखा गळत असतो, पायाखाली गवत चिरडतं, त्याचा मिळून तो माग होतो. पहाटेच्या ओलीत तो टिकतो, उन्हावाऱ्यात उडून जातो. म्हणून वेळ लिहायची. एक वरिष्ठ म्हणाले, चुका कशाला लिहून ठेवता, उद्या वकील हीच वही काढील. धाकटा म्हणाला, "काढू दे की, साहेब. दहादा चुकलेली लिहिली, तर अकराव्यांदा बरोबर म्हणताना कोर्ट ऐकंल."

वहीत त्यानं आणखी एक रकाना ठेवला होता, तो मला सगळ्यांत आवडला. 'मला आधी काय माहीत होतं.' म्हणजे तपासाला गेल्यावर हस्तकाच्या कानावर संशयिताचं नाव आधीच पडलं होतं का. हे कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाला, "तुम्ही बैल हाणताय, तुम्हांला सांगायला पायजे व्हय?" नको होतं. कासरा धरणाऱ्याला हे ठाऊक असतं. दिवस कलला, मनात घराकडं वळायचं आलं, अजून हात हललेला नाही, की बैल वळतो. दोरीतनं मन उतरतं. कुत्र्याच्या दोरीचंही तसंच. पुढं 2011 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात ह्याची परीक्षाच घेतली गेली. अठरा हस्तक आणि त्यांची कुत्री. हस्तकांना सांगितलं, की ह्या खोल्यांत वास लपवलाय, लाल कागद आहे तिथं आहे. खरं तर कुठंच काही नव्हतं. तरी कुत्र्यांनी सापडलं म्हणून दाखवलं, आणि लाल कागदापाशी जास्त दाखवलं. आमच्याकडचा पाणाड्या हातात नारळ घेऊन फिरतो, तो मालकाला विहीर जिथं हवी असते तिथंच बरोबर उभा राहतो. मी दोनदा बोअर मारून कोरडा गेलोय, म्हणून सांगतो.

नोकरीत असतानाच त्यानं मुक्त विद्यापीठातनं बी. ए. केलं. 2018 साली स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि कायद्याच्या प्रवेश परीक्षेला बसला, नातवंडांच्या वयाच्या पोरांत. मधे कोरोना आला. मोबाईलवर वर्ग. वस्तीवर रेंज नाही, म्हणून हा रोज सकाळी पाण्याच्या टाकीवर चढून शिकायचा. खालनं जाणारी बाई विचारायची, "वकीलसायेब, पाणी हाय का टाकीत?"

सनद मिळाली आणि मग कुत्र्यांची सगळी भानगड त्याच्याकडंच यायला लागली. कुत्रं चावलं, मालक नाकबूल करतो. कुत्रं बांधून उपाशी मारलं. पिलू विकताना जात खोटी सांगितली. एका मेंढपाळाची राखणीची दोन कुत्री कुणी विष घालून मारली, तेव्हा तो तक्रार द्यायला गेला तर त्याला म्हणे कुत्र्यांची किंमत विचारली. विचारणारा अगदीच चूक नव्हता. जुन्या कायद्यात 428 कलमाला जनावर दहा रुपयांचं तरी असावं लागायचं. मेंढपाळ म्हणाला, "लांडगा इचारत न्हाई किंमत." 1 जुलै 2024 ला नवी न्याय संहिता लागू झाली, तिच्या 325 कलमात ही किमतीची अट राहिली नाही. धाकट्यानं त्या मेंढपाळाला मुद्दाम फोन करून सांगितलं. त्याला काय कळलं देव जाणे, पण पावशेर लोणी पाठवलं.

रविवारी मात्र वेगळंच चालतं. आजूबाजूच्या जिल्ह्यांतली तरुण हस्तक पोरं, सुट्टी मिळाली की, आमच्या मळ्यात येतात. कुत्रं शिकवायला पोलीस खातं समर्थ आहे, कोर्टात उभं राहायला ही पोरं घाबरतात. लिंबाखाली बाजलं टाकायचं, त्याच्यावर मी न्यायाधीश. पाण्याचा पिंप हा पिंजरा. पोरानं पिंपाला धरून उभं राहायचं आणि धाकटा त्याला सोलून काढतो. "तुमच्या कुत्र्यानं चोर ओळखला?" पोरगं छाती काढून म्हणतं, "हो." की संपला. धाकटा त्याला बसवतो, पाणी देतो, परत उभं करतो. "तू एवढंच सांगायचं जे तू बघितलंस. कुत्र्याच्या मनातलं तुला ठाऊक न्हाई. तुझ्या मनातलं त्याला ठाऊक आसंल, त्ये बी सांगायचं." मी अधूनमधून टेबल नाही म्हणून मांडीवर थाप मारून 'शांतता राखा' म्हणतो. माझ्याविना कोंबड्या शांत राहत नाहीत.

गेल्या दिवाळीनंतर मी सातबाऱ्याच्या कामाला तालुक्याला गेलो होतो. धाकट्याचा खटला होता, म्हणून मागच्या बाकावर जाऊन बसलो. विहिरीवरची केबल चोरीची. धाकटा आरोपीकडून. साक्षीला हस्तक आला तो ह्या रविवारच्या पोरांतलाच एक. पोरानं सलाम ठोकला, नजर मिळाली, दोघांनीही ओळख दाखवली नाही. सरकारी वकिलांनी विचारलं आणि पोरगं वही उघडून सांगत गेलं. पोचलो सहा वाजून दहा मिनिटांनी. दव होतं. आधी चार माणसं फिरून गेली होती. वास कुंपणाच्या तारेला अडकलेल्या टॉवेलचा दिला. टॉवेल कधी अडकला ते मला माहीत नाही. संशयिताचं नाव मला गाडीत सांगितलं होतं. कुत्री आरोपीच्या अंगणात बसली. ती टॉवेलच्या वासाचा माणूस दाखवते. त्यानंच चोरी केली असं मी म्हणत नाही.

सरकारी वकील थोडा वेळ कागद चाळत उभे राहिले. मग धाकट्याची पाळी आली. तो उठला, चष्मा पुसला, पोराकडं बघितलं आणि म्हणाला, "प्रश्न नाहीत, साहेब."

अशील बाहेर येऊन चिडला. "वकीलसायेब, तुम्ही तर कायबी इचारलं न्हाई! पैसं कशाचं द्यायचं?"

"त्यानं सगळं सांगितलं की. आता काय इचारू?"

त्यानं ठरल्यापैकी निम्मेच पैसे दिले. धाकट्यानं न मोजता कोटाच्या खिशात घातले आणि भरभर चालत आवारातल्या पोलीस गाडीकडं गेला. पोरं दुसऱ्या कामावरनं परस्पर आली होती, कुत्री मागं जाळीत बसली होती. ह्यानं जाळीतनं बोटं आत घातली, तसं ते पोरगं धावत आलं.

"सर, हात नको. ड्युटीवर आहे ती."

धाकट्यानं बोटं काढून घेतली.